मयताची हरकत

मेलेल्या माणसानं उलट बोलायचं नाही, हा नियम ज्या कुणी केला असेल त्याला मला एकदा गाठायचं आहे. गाठल्यावर काय करीन ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली, त्यामुळे माझी भाषा मूळची सभ्य. पण गेल्या एप्रिलात नदीकाठच्या स्मशानभूमीत सव्वीस मिनिटं सरणावर पडून जे ऐकून घ्यावं लागलं, त्यानंतर ती तशी राहिलेली नाही. अजूनही मध्येच आठवलं की मी अंथरुणात उठून बसतो आणि आमची उमा झोपेतच म्हणते, "पडा हो. संपलंय ते."

संपलेलं नाही. संपलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

आमच्या पोरीला, गंधालीला, सिनेमा काढायचा होता. आपल्याच जालन्यात, एका रात्रीत घडणारा. चार भाडेकरू असतात, त्यांचा घरमालक अचानक मरतो आणि 'मला गोदावरीच्या काठीच न्या' असं लिहून ठेवतो. हे चौघं त्याला शहागडला न्यायला निघतात आणि पहाटेपर्यंत त्यांना जालनाच सोडता येत नाही. कधी मिरवणूक आडवी येते, कधी टेम्पो बंद पडतो, कधी कुणी ओळखीचा भेटतो आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. शेवटी कंटाळून ते इथल्याच स्मशानात जातात, तर तिथं श्रद्धांजलीचं भाषण करणारा एक गृहस्थ उभा राहतो आणि तो थांबतच नाही. तो बोलतोय, खांदेकरी एकेक करून खाली बसतात, डबा सोडतात, झोपी जातात आणि उजाडतं. गंधाली म्हणाली, ही डार्क कॉमेडी आहे. मी म्हणालो, यात कॉमेडी कुठं आहे, गेल्या महिन्यात मी अशाच दोन ठिकाणी जाऊन आलो.

हे मी चेष्टेनं म्हणत नव्हतो. आमच्याकडं माणूस मेला की अग्नी दिल्यावर कुणी घरी जात नाही. आधी भाषणं होतात. ज्याला मयताचं नावसुद्धा शेजाऱ्याला विचारून घ्यावं लागतं तोही दहा मिनिटं बोलतो. आणि या कामात आमच्या जिल्ह्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही असा एक माणूस आहे. तो म्हणजे भागवत. आमच्याच कार्यालयातला, माझ्या समोरच्या टेबलावरचा. आठवड्याला दोन श्रद्धांजल्या त्याला कमीच पडतात. स्कूटरच्या डिकीत चार्जिंगचा स्पीकर आणि माईक कायम असतो. कुठं काही कळलं की बदनापूरहून निघतो, ते थेट सरणाजवळ दिसतो.

मूळ मयत संभाजीनगरचे एक नाट्यकर्मी होणार होते. सिनेमाभर मयत चादरीत गुंडाळलेलं असल्यामुळे आतापर्यंत त्या जागी उशा घालून भागलं होतं, पण शेवटच्या प्रसंगात चेहरा दिसायचा होता. दोन दिवस आधी त्यांच्या आईनं सांगितलं, माझ्या जित्या पोराला सरणावर झोपवायचं न्हाई. गंधालीनं फोन ठेवला आणि जेवता जेवता माझ्याकडं टक लावून पाहिलं.

"बाबा, तुम्हीच करा."

"मी? मला अभिनय येत नाही."

"अभिनय करायचाच न्हाई. तुम्ही टीव्हीसमोर दोन-दोन तास हालत न्हाईत. मी लहानपणापासून बघून राह्यले."

बापाच्या अंगात काय गुण आहे हे चोवीस वर्षांत मुलीनं ओळखलं, तर ते हे! मी भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठलो. पण मग तिनं सांगितलं की परवानगी एकाच रात्रीची मिळेल, कॅमेरामन ऋषी जो कॅमेरा घेऊन आलाय तो दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याला परत जाणार, आणि हा प्रसंग झाला नाही तर दोन वर्षांची मेहनत उशांवरच संपेल. तिचे डोळे भरून आले. मी पुन्हा ताटावर बसलो.

"आणि भाषण कोण करणार?" मी विचारलं.

"भागवतकाका. दुसरं कोण? त्यांना मी सांगितलंय, नेहमी बोलता तसंच बोला."

मी म्हणालो, तो नको. ती म्हणाली, का? मी भाकरी मोडत बसलो. तेवढ्यात तिनंच विचारलं, "ज्यांनी पावसात हापिसाचं सगळं रेकॉर्ड वाचवलं तेच ना काका?"

उमा ओट्याशी होती. तिनं कढई इतक्या जोरात आदळली की खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवली.

आता हे रेकॉर्डचं सांगितलंच पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी भाद्रपदात एका संध्याकाळी आमच्या रेकॉर्ड रूमचं छत गळायला लागलं. आत चारशेच्या वर सेवापुस्तकं होती. सेवापुस्तक म्हणजे नोकरदाराची सगळी नोकरी, ते भिजलं तर माणूस निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठी दारोदार फिरतो. भागवत पाच वाजताच बदनापूरची गाडी पकडून गेला होता. मी एकटा होतो. रात्रभर गठ्ठे डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेले. दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस तापानं फणफणलो. मी बिछान्यात असताना अहवाल भागवतनं लिहिला, आणि त्यात गठ्ठे नेणारा भागवत होता. साहेबांच्या हस्ते त्याचा गुणगौरव झाला, त्याला शाल मिळाली, आणि तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक समारंभात ती गोष्ट तो सांगत आला. माझ्या पोरीनंही ती त्याच्याकडूनच ऐकली.

मी का नाही बोललो? कारण मी मूर्ख होतो. आपणच आपलं सांगणं हलकेपणाचं, खरं असेल ते आज ना उद्या फाईलवर येईलच, असं मला वाटायचं. आवक-जावकला बसणाऱ्याचा कागदावर फार विश्वास असतो. उमाला मी शपथ घालून गप्प बसवलं होतं. अकरा वर्षं झाली, फाईलवर काहीही आलं नाही, आणि आता सांगायला जावं तर म्हातारा जळून बोलतोय असंच वाटणार. म्हणून मी गंधालीला एवढंच म्हणालो, "हो. तेच."

मग परवानगी. महापालिकेच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "स्मशानभूमीचा छापील फॉर्म एकच हाय. दहनाचा."

"पण आम्हाला चित्रीकरण करायचंय."

"मंग त्याचा फॉर्म निघाला की या."

मी स्वतः एकतीस वर्षं लोकांना याच सुरात परत पाठवलं असल्यामुळे त्यांच्यावर रागावता येईना, आणि रागावता येत नाही याचाच भयंकर राग आला. शेवटी दहनाचाच फॉर्म भरला. मयताचे नाव: लागू नाही. मृत्यूचे कारण: चित्रीकरण. अर्जदाराचे मयताशी नाते: स्वतः. बाईंनी तीनदा वाचला आणि 'संध्याकाळी सात ते रात्री दहा' असा शिक्का मारून दिला. रकाने भरलेले होते, त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारी तिरडी बांधायला माणूस आला. उमा दारात आडवी उभी राहिली. "माझ्या दारापुढं न्हाई." म्हणून ती इमारतीच्या पार्किंगमध्ये बांधायला घेतली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाहिलं. दहा मिनिटांत इमारतीच्या ग्रुपवर 'वामनराव गेले' असा मेसेज पडला आणि त्याखाली त्रेचाळीस जणांनी हात जोडले. मी स्वतः लिहिलं, 'मी आहे.' त्यावरही एकानं हात जोडले. दैवशालाकाकू, समोरच्या, पिठलं आणि भाकरीची टोपली घेऊन आल्या, कारण मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. मीच दार उघडलं. त्या किंचाळल्या, मग टोपली माझ्या हातात देत म्हणाल्या, "आणलंय तर खाऊन घ्या. पण जित्या माणसानं तिरडीवर निजणं वंगाळ. उतरल्यावर लिंबाचा पाला चावा आन् घरात न शिरता अंघोळ करा."

"कुठं करू? पार्किंगमध्ये?"

"तिथं नळ हाय की."

शेजारचे सिराजोद्दीन मंडप आणि लाईटचं काम करतात. दिवे त्यांचेच होते. ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वामनराव, फिकर नका करू. चाळीस वर्षं लाईट लावून राह्यलो मी, नाटकात माणसं मरताना लय बघितली. सगळ्यांची गलती एकच. मेल्यावर बी ऐकत राहतात. तुम्ही बिलकुल ऐकू नका."

हा सल्ला मी मानायला हवा होता.

सातला आम्ही स्मशानात पोचलो. कपाळाला गुलाल लावला, नाकात कापूस घातला, पायाचे दोन्ही अंगठे सुतळीनं एकत्र बांधले, कारण गंधालीला सगळं रीतीप्रमाणे हवं होतं. अंगावर पांढरं कापड. सरणावर चढवल्यावर छातीवर गोवऱ्या रचल्या. एप्रिलातली लाकडं दिवसभर तापलेली होती. पाठीत एक गाठ रुतत होती. गंधाली वाकून म्हणाली, "बाबा, एकच टेक हाय. मधी कट करणार न्हाई. मी 'कट' म्हणेपर्यंत काय बी झालं तरी हालायचं न्हाई. माझ्यासाठी." मी डोळे मिटून घेतले.

भागवतच्या स्पीकरमधून एकदा शिट्टी वाजली. मग घसा साफ केल्याचा आवाज आला.

"उपस्थित शोकाकुल बंधू-भगिनींनो. आज आपल्यातून आमचे परममित्र वामनराव गेले."

सिनेमातल्या घरमालकाचं नाव वेगळं होतं. गंधालीनं ते भागवतला कागदावर लिहून दिलं होतं. पण नेहमीसारखं बोला म्हटल्यावर त्याला नेहमीसारखं, म्हणजे समोर पडलेल्या माणसाबद्दलच, बोलता येत असावं. मी मनात म्हटलं, असू दे. गंधालीनंही थांबवलं नाही.

"वामनराव म्हणजे देवमाणूस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. कामात बी न्हाई."

कुणीतरी खुसकन हसलं. ऋषीच असणार.

"एवढा शांत माणूस, की आज हापिसात आल्ता का न्हाई, हे मस्टर बघूनच कळायचं. सही मात्र रोजची. सही चुकवली न्हाई कधी."

एक डास माझ्या भुवईवर येऊन बसला. मी सगळं लक्ष डासावर लावलं. डास रक्त पितो, निदान भाषण करत नाही. बाराव्या मिनिटापर्यंत भागवत माझ्या डब्यापर्यंत पोचला. माझ्या डब्यात रोज शेपूची भाजी असायची आणि ती मी कुणाला देत नसे, हेही त्यानं माईकवरून सांगितलं. साफ खोटं! शेपू मला चालत नाही. ती त्याच्याच डब्यात असायची.

आणि मग त्यानं आवाज खाली आणला. हा त्याचा खास प्रकार आहे. आवाज खाली आला की बायका पदर डोळ्याला लावतात.

"अकरा वर्षांखालची गोष्ट. भाद्रपदाचा पाऊस. रेकॉर्डचं छत गळून राह्यलं होतं. आत चारशे सेवापुस्तकं. चारशे संसार, बंधूंनो! मी काय केलं? गठ्ठा उचलला आणि डोक्यावर घेतला. एक गठ्ठा, दोन गठ्ठे, पहाटेपर्यंत मी एकटा जिना चढत होतो."

माझे दात आपोआप आवळले गेले. हाच तो, जो पाच वाजताची गाडी पकडून गेला होता! आणि त्याला पक्कं माहीत होतं की मी जिवंत आहे, ऐकतो आहे, आणि पोरीचा सिनेमा बुडेल म्हणून तोंड उघडणार नाही. अकरा वर्षांत इतकी बिनधोक संधी त्याला कधी मिळाली नव्हती.

"आणि त्या रात्री वामनराव कुठं होते?" तो थांबला. स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. "झोपले होते. घरी. निवांत. आज झोपलेत ना, अगदी तसेच."

मी हललो नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणखी बारा मिनिटं तो बोलला आणि मी हललो नाही. गोवऱ्यांखाली माझ्या मुठी वळल्या होत्या, डोक्यात घण पडत होते, मी फक्त एका शब्दाची वाट पाहत होतो. सिराजोद्दीनच्या दिव्यांचा उजेड मिटल्या पापण्यांतून लाल दिसत होता. शेवटी गंधालीचा आवाज आला, "कट! एक नंबर, भागवतकाका!"

मी उठलो.

छातीवरच्या गोवऱ्या चार दिशांना उडाल्या. मी भागवतकडे झेप घेतली आणि तोंडावर आपटलो, कारण अंगठे बांधलेले होते. उठलो आणि उड्या मारत निघालो. भागवत माईक टाकून पळाला. "खोटं बोलून राह्यलास तू! पाचच्या गाडीनं गेल्तास!" हे मी सबंध स्मशानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, पण नाकात कापूस आणि आपटल्यावर तोंडात भरलेली माती असल्यामुळे नुसता घूं घूं असा आवाज निघाला आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही, हे मला नंतर सांगण्यात आलं. सिराजोद्दीन मागून धावत होते, "वामनराव, सुतळी! आधी सुतळी सोडा!"

फाटकाबाहेर चहाची गाडी आहे. तिथं पाचसहा जण उभे होते. त्यांना आधी स्मशानातून पळत येणारा भागवत दिसला आणि मग त्याच्यामागं गुलाल लावलेलं, पांढऱ्या कापडातलं, उड्या मारणारं मयत. गाडी सोडून सगळे पळाले. एक जण पळता पळता परत आला, चहाचा ग्लास गाडीवर ठेवला आणि पुन्हा पळाला. भागवतनं स्कूटर चालू केली ती बदनापूरपर्यंत थांबवली नसावी.

पाऊण तासात एक हवालदार आले. त्यांनी आमचा फॉर्म दिव्याखाली धरून वाचला.

"यात मयताचं चित्रीकरण असं लिवलंय. मयत रस्त्यावर पळालं हे कशात बसतं?"

मी म्हणालो, ते चित्रीकरणात नव्हतं, ते खासगी होतं.

"आणि पळणारं मयत कोण?"

"मी."

"नाव सांगा." त्यांनी फॉर्मकडं पाहिलं. "इथं तर लागू नाही लिवलंय."

साडेनऊला परवानगी रद्द झाली. मी पार्किंगमधल्या नळाखाली, तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून लोक बघत असताना, अंघोळ केली. लिंबाचा पाला चावला. इतका कडू कधी लागला नव्हता. गंधाली माझ्याशी बोलली नाही. माझ्यापायी पोलीस आले, भागवतकाकांचा अपमान झाला, असं तिनं उमाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भागवतचा फोन आला. "अहो वामनराव, तो पिक्चरचा भाग होता. मनाला लावून घेता का? आपण कलेकडं कलेच्या नजरेनं बघावं." मी फोन बंद करून कपाटात टाकला.

म्हणजे हिशेब असा. आधी ती थाप निदान समारंभापुरती होती. आता माझ्याच पोरीनं ती कॅमेऱ्यात भरून घेतली होती, आणि त्यासाठी मीच सव्वीस मिनिटं मेलो होतो! मी आठ दिवस कुणाशी धड बोललो नाही. उमा म्हणाली, "आता तरी सांगा तिला." मी म्हणालो, "आता तर मुळीच नाही." यात काय अक्कल होती हे मलाही कळत नव्हतं, पण तोंडातून तेच निघालं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून गंधाली सिनेमा जोडत बसली होती. मी पाण्याचा तांब्या घ्यायला गेलो.

"बाबा, जरा बसा इथं."

पडद्यावर मी होतो. नुसता चेहरा. भागवतच्या तोंडाकडं बघून तिसऱ्याच मिनिटाला कंटाळा आला म्हणून ऋषीनं कॅमेरा माझ्यावर नेऊन ठेवला होता. भागवत मागं कुठंतरी बोलत होता.

"हे मी चाळीस वेळा बघितलंय," ती म्हणाली. "तुम्ही लय भारी मेलात. डास चावला तरी हालला न्हाईत. पण दोन जागी तुमच्या कपाळावरची शीर उडते. दोनच जागी. मला वाटलं उन्हाळ्यामुळं असंल. मंग मी आवाज मोठा करून बघितलं, तिथं काका काय बोलून राह्यले ते."

तिनं दाखवलं. 'मी एकटा जिना चढत होतो.' शीर टरारली. 'झोपले होते. घरी.' पुन्हा.

मी म्हणालो, "कापून टाक तेवढं."

"न्हाई." तिनं लॅपटॉप थांबवला. "त्या रात्री तुम्ही घरी न्हवते बाबा. मी आठवीत होते. आई दार उघडं ठेवून बसली होती. सकाळी तुम्ही आल्ते तेव्हा चप्पल हातात होती आणि तुम्हाला उभं राहता येत न्हवतं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, गाडी पंक्चर झाल्ती."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. भागवतचा आला, साहेबांचा आला, त्या फायलीचा आला, पंक्चरची थाप मारणाऱ्या माझा स्वतःचा आला. हातातला तांब्या मी खाली ठेवला. आणि बोलायला लागलो. पाचच्या गाडीपासून सुरुवात केली. छताला कुठं भेग होती, पहिला गठ्ठा कोणत्या कपाटातला, जिन्याची कितवी पायरी तुटलेली, सगळं. मी सेवापुस्तकं तीनशे ऐंशी म्हणालो तर स्वयंपाकघरातून उमा ओरडली, "चारशे बारा!" मी टेबलावर मुठी आपटल्या, भागवतला ज्या शिव्या एकतीस वर्षं आवक-जावकला राहून गेल्या होत्या त्या सगळ्या दिल्या, मध्येच रडलो, पुन्हा ओरडलो. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा बेल वाजवली, कुणी उठलं नाही. दीड तास झाला असेल. गंधाली हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती, आणि तिनं एकदाही कट म्हटलं नाही.